पेन्टनची वाफेची गाडी: समुद्र खरंच दिसतो की नुसती जाहिरात?

सानिका_रेडिंग
नमस्कार मंडळी. जुलैत आई-बाबा कुर्डुवाडीहून येतायत, इंग्लंडला पहिल्यांदाच. लंडन-बिंडन होईलच, पण दोन दिवस डेव्हनला न्यायचा विचार आहे. तिकडे पेन्टन ते किंग्जवेअर अशी वाफेच्या इंजिनाची गाडी आहे, डार्टमथ स्टीम रेल्वे. फोटोत इंजिन धूर सोडतंय, शेजारी निळाशार समुद्र. फोटो काय, कुणीही कोपरा बघून काढतो.

बाबा रेल्वेतच होते, कुर्डुवाडी वर्कशॉपला फिटर. त्यामुळे नवऱ्याचं म्हणणं असं की ज्या माणसाने जन्मभर इंजिनांखाली पाठ टेकली, त्याला पैसे मोजून पुन्हा इंजिनच काय दाखवायचं? आईला समुद्र हवाय, तिचे गुडघे दुखतात. कुणी गेलंय का? समुद्र किती वेळ दिसतो? कुठल्या बाजूला बसायचं? आणि जुन्या डब्यात चढणं आईला जमेल का?

बंड्या_बर्मिंगहॅम
डावीकडे बसा. विषय संपला.

मीठभाकर
उजवीकडे बसा. विषय सुरू झाला.

टवाळ
आईंना डावीकडे, बाबांना उजवीकडे, जावयाला इंजिनात. कोळसा टाकेल आणि पैशांचं बोलायचा बंद होईल.

मीठभाकर
बरं, नीट लिहिते. एकूण रस्ता साधारण ११ किलोमीटरचा, अर्ध्या तासाचा. पेन्टनहून निघालं की गुडरिंग्टन सँड्स येतं. तिथे रूळ अगदी पुळणीच्या डोक्यावरून जातात, खाली रंगीत लाकडी खोपट्यांची रांग, पोरं बादल्या टाकून गाडीला हात करतात. तिथपासून चर्स्टनपर्यंत अधूनमधून समुद्र आहे आणि तो डावीकडेच आहे, बंड्या बरोबर बोलतोय. पण चर्स्टननंतर गाडी समुद्राकडे पाठ फिरवते, ग्रीनवेच्या बोगद्यात शिरते आणि बाहेर पडते ती डार्ट नदीच्या खाडीवर. तिथून किंग्जवेअरपर्यंत झाडीतून नदी दिसते, उजवीकडे. माझ्या मते खरी मजा त्या दुसऱ्या भागात आहे. समुद्र काय, कुठेही बघता येतो.

बंड्या_बर्मिंगहॅम
कुर्डुवाडीच्या माणसाला "समुद्र कुठेही बघता येतो" हे सांगून बघा.

मीठभाकर
:)) मान्य. मग जाताना डावीकडे. चर्स्टन गेलं की जागा बदला. सुट्ट्यांच्या गर्दीत ते जमेलच असं नाही, तेव्हा परतीला नदीच्या बाजूला (तेव्हाची डावी) बसा, म्हणजे हिशोब चुकता होईल.

गोदाकाठ
सानिका, एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे अपेक्षाभंग नको. सलग समुद्र हवा असेल तर तो या गाडीत नाही, तुमच्या रेडिंगहून येणाऱ्या नेहमीच्या गाडीत आहे. एक्झेटर सोडलं की डावीकडे आधी एक्स नदीची खाडी लागते आणि मग डॉलिश ते टिनमथ गाडी अक्षरशः समुद्राच्या भिंतीवरून धावते. भरती आणि वारा असला की लाटांचं पाणी खिडकीवर येतं. फेब्रुवारी २०१४ च्या वादळात डॉलिशची ती भिंतच वाहून गेली होती, रूळ हवेत लोंबत होते. एप्रिलच्या सुरुवातीला गाड्या पुन्हा चालू झाल्या. तेव्हा आईंना तिथेच जागं ठेवा, प्रवासात झोपू देऊ नका.

उंटावरचा_शहाणा
डॉलिशचा विषय निघालाच आहे तर बाबांसाठी एक मसाला. हा रस्ता ब्रुनेल नावाच्या इंजिनिअरने बांधला, आणि त्यावर त्याला इंजिनच नको होतं. रुळांच्या मधोमध एक जाड नळ, त्यात दट्ट्या, दट्ट्याला वरून गाडी जोडलेली. काठाकाठाने पंपघरं बांधायची, पुढच्या नळातली हवा खेचून घ्यायची, मागच्या हवेच्या दाबाने दट्ट्या आणि गाडी पुढे. १८४७ च्या सप्टेंबरमध्ये प्रवासी गाड्या सुरू झाल्या, १८४८ च्या सप्टेंबरमध्ये सगळं गुंडाळलं. नळाच्या वरच्या फटीवर चामड्याची पट्टी होती, ती खराब व्हायची आणि हवा गळायची. स्टारक्रॉस स्टेशनाशेजारी त्यातलं एक पंपघर अजून उभं आहे, गाडीतून दिसतं.

कुठल्याही फिटरला हे सांगा, "चामडं?" असं म्हणून कपाळाला हात लावतो की नाही बघा.

खलाशी
मी सानिकाच्या नवऱ्याच्या बाजूने बोलणार आहे, शिव्या घालायच्या तर घाला.

माझे वडील भुसावळला फायरमन होते. डब्ल्यूजी इंजिन, मालगाडी, मे महिना, वऱ्हाडाकडची लाईन. फायरबॉक्सचं दार उघडलं की समोरून जाळ आणि बाजूने लू. मोठ्या इंजिनावर ड्रायव्हर आणि दोन फायरमन. एकाने मागचा कोळसा फोडून पुढे ढकलायचा, दुसऱ्याने फावड्याने मारायचा, तोही नुसता मधे ढीग करून नाही, सगळीकडे सारखा पसरून, नाहीतर वाफ बसते. एक डोळा गेजकाचेतल्या पाण्यावर. पाणी खाली गेलं तर सगळ्यांचाच निकाल. घरी आले की नाकातून काळं निघायचं. अंगावरच्या भाजल्याच्या खुणा शेवटपर्यंत होत्या. डिझेलवर बदली झाली तेव्हा आईने सत्यनारायण घातला.

आणि आता लोक त्या धुराचे फोटो काढून "आहा, काय ते दिवस" म्हणतात. ते दिवस ज्यांनी काढले त्यांना विचारा.

अपर्णा_के
खलाशी, पूर्ण पटलं. तरीही न्यावं असं मला वाटतं, आणि तुम्ही लिहिलंत त्याच कारणासाठी. फोटोतला धूर बघून परत येणाऱ्यांना ते काम कळत नाही. फलाटावर इंजिनाजवळ उभं राहिलं की थोडं तरी कळतं. गुडरिंग्टनपासून चर्स्टनपर्यंत चांगला चढ आहे, साधारण साठाला एक, म्हणजे साठ फूट पुढे गेलं की एक फूट वर. तिथे इंजिनाचा आवाज बदलतो, एकेक फुत्कार वेगळा मोजता येतो. शेजारची बाई चहा पीत "लव्हली" म्हणत असते आणि पुढे कुणीतरी मान मोडून फावडं मारत असतो.

खलाशी
साठाला एक? आमच्या थळ घाटात आणि बोर घाटात सदतीसला एक. मागून बँकर (ढकलणारं इंजिन) लावल्याशिवाय हलत नाही. (घाटातली वाफ १९३० च्या सुमारास वीज आली तेव्हाच गेली, हे माहीत आहे. तरी अभिमान आपला.)

टवाळ
धागा डेव्हनला, चढ कसाऱ्याला. मराठी माणूस पोचला.

तिरशिंगराव_कोल्हापूरकर
कसली बारकी गाडी सांगाय लागलाय, वेल्सला न्हाईतर स्कॉटलंडला जावा की! फोर्ट विल्यमहून मालेगला जाणारी. तो जादूगार पोराच्या सिनेमातला कमानींचा पूल, आन् शेवटाला समुद्र, बेटं. एकदम नाद खुळा.

गोदाकाठ
तिरशिंगराव, रेडिंगहून फोर्ट विल्यम म्हणजे कोल्हापूरहून थेट नागपूर गाठण्यातला प्रकार. गुडघेदुखीच्या माणसाला?

केन्टमधली रॉम्नी, हाईद आणि डिमचर्चची गाडी लोक सुचवतील म्हणून आधीच लिहून ठेवते. १९२७ पासूनची, फक्त १५ इंची गेज (रुळांमधलं अंतर), सगळं खऱ्या इंजिनासारखं पण एक तृतीयांश मापाचं. फार गोड आहे. डंजनेसला दीपस्तंभाशेजारी आणि अणुवीज केंद्राच्या पुढ्यात जाऊन थांबते. पण नावात सगळी समुद्रकाठची गावं असून गाडीतून समुद्र जवळपास दिसत नाही. लोकांची मागची अंगणं दिसतात, वाळत घातलेले कपडे दिसतात. पुन्हा डबे इतके बुटके की आईंना वाकून शिरावं लागेल.

कोकणकडा
यावरून आठवलं. आमच्याकडे पाहुणे कोकण रेल्वेचं तिकीट काढतात ते समुद्र बघायला. रोह्यापासून रत्नागिरीपर्यंत खिडकीला नाक लावून बसतात. बोगदे, बोगदे, खाडीवरचा पूल, पुन्हा बोगदा. समुद्र नाहीच! सरळ रूळ हवे होते म्हणून लाईन आतून नेली. समुद्र बघायचा तर कारवारच्या पुढे जा, नाहीतर गपचूप एसटीने गुहागरला जा.

पुराणिक_मुंबई
अवांतर, पण मुंबईकरांना आवडेल. समुद्रकाठची वाफेची गाडी आपल्याकडेही रोजची होती. बीबीसीआयची (आजची पश्चिम रेल्वे) लाईन चर्नी रोडपासून चर्चगेटवरून कुलाब्यापर्यंत जायची आणि बॅक बेचं पाणी रुळांपासून हाकेच्या अंतरावर होतं. आजचा मरीन ड्राइव्ह आणि त्याच्या मागच्या इमारती नंतरच्या, भराव घातल्यावरच्या. जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल आली आणि १९३० संपताना कुलाबा स्टेशनच बंद झालं. आज मरीन लाइन्सला उतरून समुद्र शोधावा लागतो.

हिरवळ
सगळे गोड गोड बोलतायत म्हणून विचारते. हौसेसाठी कोळसा जाळायचा, तोही २०२० च्या दशकात, हे कुणालाच खटकत नाही? घरात शेकोटीला कोळसा विकायला इंग्लंडमध्ये बंदी आणि पर्यटकांसाठी चालतं?

उंटावरचा_शहाणा
हिरवळ, प्रश्न रास्त आहे आणि या गाड्यावाल्यांनाही तो छळतोय, फक्त वेगळ्या कारणाने. कोळसा मिळेना. वेल्समधली फोस-इ-फ्रानची खाण २०२३ मध्ये बंद झाली, तिथला कोळसा बऱ्याच गाड्यांना जायचा. आता परदेशातून आणतात, म्हणजे त्यावर जहाजाचा धूर वेगळा. कोळशाच्या भुकटीचे दाबून केलेले गोळे जाळून बघायचे प्रयोग चालू आहेत. पण एकूण देशाच्या धुरात या इंजिनांचा वाटा किती? विमानाने कुर्डुवाडीकर इथे येणार, त्याचा हिशोब आधी मांडू.

हिरवळ
"दुसरा जास्त घाण करतो" हे उत्तर मला कधीच पटत नाही. पण गोळ्यांचं माहीत नव्हतं, ते वाचते.

सानिका_रेडिंग
बापरे, रात्रीत एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. खलाशी, तुमचा प्रतिसाद मी बाबांना फोनवर वाचून दाखवला. ते बराच वेळ "हूं हूं" करत होते. मग म्हणाले, "फायरमनचं वेगळं, आमचं वेगळं. त्यांना ते पळवायचं होतं, आम्हाला ते बंद पडल्यावर भेटायचं." आणि पुढे एकच प्रश्न: "बॉयलर किती वर्षांनी उतरवतात ते विचार."

कुणाला माहीत आहे का? जावईबापू गप्प आहेत.

उंटावरचा_शहाणा
साधारण दहा वर्षांनी. इंजिनाला तेवढ्या मुदतीचं सर्टिफिकेट मिळतं, मधे दरवर्षी तपासणी असते. मुदत संपली की बॉयलर फ्रेमवरून उचलतात, नळ्या काढतात, सगळं नागडं करतात. म्हणून पोस्टरवर जे इंजिन दिसतं ते तुम्ही जाल तेव्हा उघडं पडलेलं असू शकतं. पेन्टनच्या ताफ्यात ७८२७ लिडम मॅनर आहे, ते प्रवासी कामाचं. आणि ४२७७ हर्क्युलीज व ५२३९ गोलायथ ही दोन मूळची वेल्समधल्या कोळशाच्या मालगाड्या ओढायला बनवलेली. बाबा त्यांच्यावर जास्त खूष होतील असा माझा अंदाज.

आणखी एक. बाकीच्या बहुतेक जुन्या गाड्या स्वयंसेवक चालवतात, हौसेने. ही कंपनी धंदा म्हणून चालवते, पगारी माणसं ठेवून. सरकारी रेल्वेने १९७२ मध्ये ही लाईन सोडली तेव्हापासून. काही हौशी लोक त्यामुळे नाक मुरडतात, की ही "खरी" जपणूक नाही, नुसती सहलीची गाडी. मला उलट वाटतं. ज्या लाईनीवर १८६४ पासून लोक तिकीट काढून समुद्रावर जातायत, तिथे आजही लोक तिकीट काढून समुद्रावरच जातायत. आणखी काय जपायचं असतं?

बार्शीलाइट
कुर्डुवाडी हे नाव वाचून इतक्या वर्षांनी लॉगिन केलं! आजोबा पंढरपूरच्या वारीच्या गाड्यांच्या गोष्टी सांगायचे, डब्यांच्या टपावर माणसं.

सानिका, डेव्हन कराच, पण बाबांसाठी इंग्लंडात एक खास जागा आहे. बार्शी लाइट रेल्वे ज्याने बांधली तो एव्हरार्ड कॅलथ्रॉप. अडीच फुटी गेज, १८९७ ला बार्शी रोड (म्हणजे तुमचंच कुर्डुवाडी) ते बार्शी. त्याचं डोकं असं की प्रत्येक ॲक्सलवर वजन सारखं, पाच टनांपर्यंत, म्हणजे हलक्या रुळावरून भरपूर माल जातो. तोच माणूस नंतर इंग्लंडात स्टॅफर्डशरला लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेचा इंजिनिअर झाला. तेच अडीच फुटी गेज, १९०४ ला सुरू, आणि रंगरूप बघाल तर इंजिनं थेट उन्हाळ्याच्या देशासाठी केल्यासारखी, मोठाले दिवे वगैरे. दूध वाहायची ती गाडी. १९३४ ला बंद पडली, आता त्या वाटेवर सायकली चालतात आणि आपल्या लाईनीच्या धाकट्या बहिणीच्या बोगद्यातून चालत जाता येतं. बाबांना सांगा आणि मग बघा लंडन आयला हो म्हणतात का.

पुराणिक_मुंबई
आणि कॅलथ्रॉपने पुढे विमानातून उडी मारायची छत्री बनवली, "गार्डियन एंजल" नावाची! बार्शीहून थेट आभाळात.

माथेरानचं एक इंजिनही इंग्लंडात आहे बरं का. १९०७ चं, क्रमांक ७४०, लेटन बझर्डच्या नॅरोगेज रेल्वेकडे. रेडिंगहून फार लांबही नाही.

सानिका_रेडिंग
बार्शीलाइट, फोन झाला. "कॅलथ्रॉप साहेबाचं नाव वर्कशॉपमध्ये जुने लोक घ्यायचे" असं म्हणाले आणि वीस मिनिटं मला ॲक्सल समजावत होते. आई मागून ओरडत होती, "समुद्राचं विचार, समुद्राचं!"

टवाळ
जावईबापूंचा स्टॅफर्डशरचा खर्च वाढला. आमच्याकडून सहानुभूती.

अपर्णा_के
आईंच्या गुडघ्यांचं कुणीच लिहिलं नाही, सगळे ॲक्सलमध्ये अडकलेत.

डबे जुन्या पद्धतीचे, हँडलने बाहेर उघडणारी दारं, एक पायरी चढावी लागते. फलाट आणि डब्यात फट आहे, पण फलाटावरचे लोक मदत करतात, घाई करत नाहीत. खरा प्रश्न किंग्जवेअरला. समोर नदीपलीकडे डार्टमथ गाव, मधे फेरीबोट, स्टेशनाला लागूनच. तिथे धक्क्याकडे उतरणारी फळी असते, ती ओहोटीला बरीच उतरती होते आणि भरतीला जवळपास सपाट. वेळ जमवता आली तर आईंसाठी भरतीची फेरी बघा. डार्टमथचा नदीकाठ सपाट आहे, बाकं भरपूर. मागे चढावर नेव्हल कॉलेजची लांबलचक इमारत, ती खालूनच बघायची.

मीठभाकर
डार्टमथला एक स्टेशन आहे जिथे गाडी कधीच आली नाही! नदीवर पूल झाला नाही, रूळ किंग्जवेअरलाच थांबले, पण पलीकडे तिकीट द्यायला रीतसर स्टेशनाची इमारत बांधली. लोक तिथे तिकीट काढायचे आणि बोटीत बसायचे. आता त्यात रेस्टॉरंट आहे.

खलाशी
हे मात्र भारी. आमच्याकडे स्टेशन असून गाडी थांबत नाही, तो प्रकार माहीत होता.

कोकणकडा
डार्टमथ म्हणजे न्यूकॉमेनचं गाव ना? वाफेचं पहिलं चालू यंत्र करणारा, वॉटच्या कितीतरी आधी, १७१२ मध्ये. खाणीतलं पाणी उपसायला.

उंटावरचा_शहाणा
तोच. त्याच्या पद्धतीचं एक जुनं यंत्र गावातच जपून ठेवलंय, नदीकाठच्या बागेपाशी. उघडं आहे का ते विचारून जा. बाबांना तिथे सोडा आणि आईंना घेऊन आइस्क्रीम खा.

गोदाकाठ
आइस्क्रीम, पेस्टी, चिप्स, काय खायचं ते डोक्यावर छप्पर असलेल्या जागी खा. तिथले समुद्रपक्षी हातातून ओढून नेतात. माझ्या सासूबाईंची तिखटमिठाची पुरी नेली एकाने. तो परत आला नाही, म्हणजे तिखट असावी.

तिरशिंगराव_कोल्हापूरकर
आमच्या कांदा-लसूण मसाल्याची असती तर पक्षी इंग्लिश चॅनेल पोहून गेला असता.

बंड्या_बर्मिंगहॅम
क्रीम टी घेतलात तर स्कोनवर आधी साय, मग जॅम. डेव्हनमध्ये तसंच. पलीकडच्या कॉर्नवॉलमध्ये उलटं करतात आणि त्यावरून खरोखर भांडतात. उगाच चुकीच्या गावात चुकीच्या क्रमाने लावू नका.

हिरवळ
वाचनाची आवड असेल तर ग्रीनवे हॉल्टला उतरता येतं. ॲगाथा ख्रिस्तीचं उन्हाळी घर, तिने १९३८ मध्ये घेतलेलं, आता नॅशनल ट्रस्टकडे. पण हॉल्टपासून झाडीतून अर्धा तास चालावं लागतं, चढ-उतार आहेत. आईंना नको. डार्टमथहून बोटीने जाता येतं, पण धक्क्यापासून घरापर्यंत तिथेही चढ आहेच.

(आणि हो, गाडीचं माझं मत तेच आहे. पण तुम्ही जाणारच आहात तर दिवस नीट जावा.)

सानिका_रेडिंग
ठरलं. सकाळी पेन्टनला पोचून डावीकडे बसायचं, येताना जसं जमेल तसं. ग्रीनवे रद्द. न्यूकॉमेन नक्की. स्टॅफर्डशरवर घरात वाटाघाटी चालू आहेत. आता शेवटचा प्रश्न. "राउंड रॉबिन" असं एक तिकीट दिसतंय, गाडी, बोट आणि बस एकत्र. त्याच रस्त्याने परत येण्यापेक्षा ते बरं का?

अपर्णा_के
आईंसाठी तेच घे. पेन्टन ते किंग्जवेअर गाडी, फेरीने डार्टमथ, तिथून बोटीने डार्ट नदीतून वर टॉटनेसपर्यंत, आणि टॉटनेसहून बसने पेन्टनला परत. बोटीत बसून राहायचं, गुडघ्यांना काम नाही. फक्त टॉटनेसच्या बाजूला नदी उथळ आहे, बोट भरतीच्या हिशोबाने सुटते, त्यामुळे तिची वेळ रोज बदलते आणि कधी फेरी उलट्या क्रमाने करावी लागते. आधी त्या दिवसाची बोट बघ, मग त्यावरून गाडीची वेळ ठरव. आणि मग रेडिंगचं तिकीट काढ, उलटं नको.

बंड्या_बर्मिंगहॅम
आणि उलट्या क्रमाने केलीत तर किंग्जवेअरहून येताना समुद्र उजवीकडे. मीठभाकर जिंकली.